नाल्याचं पाणी शिरणारी, औषधं मारलेली जमीन अळिंबीने शुद्ध होते का?

वडगावकडच्या तुमच्या भाजीच्या रानात वर्षानुवर्षं औषधं मारली गेली, वर पावसात नाल्याचं पाणी शिरतं, असं तुम्ही लिहिलंय. यातली औषधं आणि नाल्याच्या पाण्यातून येऊ शकणारे शिसं, कॅडमियमसारखे धातू वेगवेगळे धरा.

बरीच कीटकनाशकं बुरशीमुळे मोडू शकतात. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशा लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) फोडायला जी विकरं (एन्झाइम) सोडतात, तीच डीडीटी, लिंडेन या कीटकनाशकांनाही तोडतात. १९८५ मध्येच हे प्रयोगशाळेत दिसलं. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) त्याच जातकुळीतली. म्हणून अळिंबी काढून झालेले भाताच्या काडाचे बेड फेकू नका. चुरून मातीत मिसळा, ओल टिकवा आणि त्या वाफ्यात बुरशीनाशक अजिबात मारू नका. काम सावकाश होतं, महिने जातात.

शिसं, कॅडमियम मात्र कुठलीच बुरशी नष्ट करत नाही, फक्त धरून ठेवते. धिंगरी तर कॅडमियम अंगात साठवते, तेव्हा त्या मातीवरची अळिंबी कृपा करून खाऊ नका, विकूही नका.

आधी माती तपासा. नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशच्या तपासणीत धातू कळत नाहीत, ते वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात. तोवर तिथे पालक, माठ लावू नका. पानांत कॅडमियम लवकर चढतं.