वाचकांचे प्रश्न : तांबडी सुर्ला आणि दूधसागर

प्रश्न : गोव्यातील तांबडी सुर्ला आणि दूधसागर हा कर्नाटकाच्या सीमेलगतचा भाग वयस्कर आई-वडिलांना दाखवायचा आहे. कधी जावे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : दिवाळीनंतर जावे. पावसात दूधसागर धबधबा ऐन भरात असतो हे खरे. परंतु कुळे गावाहून धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्यांना वाटेतले ओहळ ओलांडावे लागत असल्याने पावसाळ्यात त्या बंद असतात. रेल्वेरुळांवरून चालत जाण्यास मनाई आहे आणि ते जिवावर बेतणारे आहे, तेव्हा तो विचार मनातही आणू नये.

तांबडी सुर्ल्याला मात्र निवांत वेळ द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कदंब राजघराण्याच्या काळातील हे महादेवाचे देऊळ काळ्या बेसाल्टचे असून, चुन्याचा वापर न करता दगडावर दगड बसवून उभारलेले आहे. मंडपातील एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे, तर मान वर केली की छतातले उमललेले कमळ दिसते. गोव्यात इतके जुने देऊळ शाबूत राहणे ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. जवळच्या नदीकडे उतरताना वडीलधाऱ्यांचा हात धरावा. भगवान महावीर अभयारण्यातील पायवाटांवर जायचे असल्यास मोले येथे वन खात्याकडे आधी चौकशी करावी आणि माहितगार वाटाड्या सोबत घ्यावा.