पावसाळ्यानंतर क्लच कव्हरच्या कडेतून ऑइल झिरपतंय. कव्हर घरी काढून पॅकिंग बदलता येईल का?

हो, येईल. तुम्ही म्हापशात राहता, गाडी बारा वर्षांची स्प्लेंडर आहे आणि उजव्या कव्हरच्या खालच्या कडेला ऑइल जमतंय, असं लिहिलंय. हे काम मी मांद्र्यात आमच्या पडवीत माझ्या, भावाच्या आणि शेजारच्या एका पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, गाडीवर केलंय. पायलटची गाडी म्हणजे त्याचं पोट, त्यामुळे त्या दिवशी हात जास्तच जपून चालवले.

आधी ऑइल नक्की कुठून येतंय ते बघा. कडेला ऑइल दिसलं म्हणजे पॅकिंगच गेलं असं नसतं. किकच्या दांड्याचं ऑइल सील गेलं तरी ऑइल ओघळत खाली येतं आणि त्याच कडेला थेंब धरतो. कव्हर डिझेलने पुसून कोरडं करा, अंगाला लावायची पावडर त्यावर भुरभुरा आणि चार-पाच किलोमीटर फिरून या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली असेल, तिथून गळती आहे. नुसतं सील असेल तर ते बऱ्याचदा कव्हर न काढताही बदलता येतं.

पॅकिंगच असेल तर आदल्या रात्रीच सुरुवात करा. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्ही मिळून लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात अक्षरशः चिकटवून टाकतात. बोल्टच्या डोक्याभोवती जी पांढरी भुकटी दिसते ती ॲल्युमिनियम खाल्ल्याची खूण. प्रत्येक बोल्टाच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी डोक्यावर हातोडीने दोन-तीन सरळ ठोके द्या, मगच पाना लावा. पाना आठ नंबरचा, बॉक्स किंवा टी. डोकं घट्ट धरणारा हवा. फटीचा पाना लावलात तर षटकोनाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. बोल्ट अडला तर जोर करून सोडवू नका, किंचित घट्ट करून बघा. थोडा आत फिरला की बाहेरही येतो.

आता खरी गोष्ट, बोल्टांची लांबी. कव्हरचे सगळे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. भावाच्या गाडीचे मी एका वाटीत टाकले आणि बसवताना अंदाजाने लावले. एक आखूड बोल्ट लांब भोकात गेला. त्याने जेमतेम तीन-चार आटे पकडले आणि आवळताना एकदम हाताला मऊ लागला. तो मऊपणा अजून बोटांत आहे. आटे भुशासारखे बाहेर आले. लेथवाल्याकडे नेऊन आतून नवे आटे घालून घ्यावे लागले, त्यासाठी भावाची गाडी आठवडाभर उभी राहिली आणि त्या दिवसांत तो बसने कामावर गेला. उलटं झालं असतं, म्हणजे लांब बोल्ट आखूड भोकात, तर तो तळाला टेकला असता. तरी आवळत राहिलं की इंजिनची केस तडकते. तेव्हापासून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढतो, भोकं पाडतो आणि निघालेला बोल्ट लगेच त्याच्या जागी खोचतो. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

ऑइल काढून घ्या. इंजिन कोमट असलं की ते भराभर उतरतं. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. परसात ओतलं तर पहिल्याच पावसात विहिरीकडे वाट काढतं, आणि आपल्या विहिरी घराला लागूनच असतात. किकचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेतून जातो. दांडा आणि किक, दोन्हींवर रेघ मारून ठेवा. क्लचची केबलही मोकळी करा.

बोल्ट एकदम एकेक करून काढू नका. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा. कव्हर सुटलं नाही तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा मोह होईल, तो आवरा. त्या एका चरेतून पुढे कायम ऑइल येत राहतं. माडाच्या लाकडाचा तुकडा टेकवून कडेने ठोका, सुटतं. बाहेर ओढताना आतल्या बाजूला हात धरा: किकच्या दांड्यावरचा वॉशर ऑइलने कव्हरला चिकटून येतो आणि नकळत जमिनीवर पडतो. दोन पोकळ पिना असतात, त्या कुठल्या बाजूला राहिल्या ते बघून ठेवा. कव्हर उघडलंच आहे तर ऑइलची जाळीही काढून डिझेलमध्ये धुवा.

जुनं पॅकिंग काढायला सगळ्यात जास्त वेळ द्या. इंजिनात कापड कोंबा, थिनरने पॅकिंग भिजवा आणि प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा. बोट फिरवून बघा, खरखर लागली तर अजून काम आहे. नवं कागदी पॅकिंग कोरडंच बसवा. खात्री म्हणून सिलिकॉन थापू नका. जास्तीचं आत दाबलं जातं, तुकडा सुटतो आणि त्याच जाळीत जाऊन बसतो.

कव्हर हाताने दाबल्यावर सपाट बसलं पाहिजे. बसत नसेल तर बोल्टांनी ओढून बसवू नका, आत काहीतरी अडलंय. किकचा दांडा किंचित फिरवून बघा. बोल्ट आधी सगळे बोटांनी, मग समोरासमोर दोन-तीन फेऱ्यांत. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर टी-पाना मुठीत न धरता दोन बोटांनी फिरवा.

ऑइल 10W-30 ग्रेडचं भरा, क्लचच्या लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर ढील ठेवा. इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करून जरा वेळाने ऑइलची पातळी बघा, आणि रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर काम झालं.