भाचा अमेरिकेच्या फौजेत जातो म्हणतोय

प्रश्न : माझी धाकटी बहीण कुटुंबासकट तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला गेली. भाचा १९ वर्षांचा आहे. कॉलेजची फी झेपत नाही म्हणून तिथल्या आर्मीत भरती होतो म्हणतो. आम्हाला फौजेचं नवल नाही, आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. पण नागरिक नसताना परक्या देशासाठी लढायचं? उद्या काही बरंवाईट झालं तर पोरगा कुणाचा म्हणायचा? बहीण फोनवर नुसती रडते.
— एक मावशी, सातारा

उत्तर : ताई, ग्रीन कार्डवाल्याला तिथे शिपाई म्हणून भरती होता येतं, अफसर होता येत नाही. हा झाला कायदा. पण ‘कुणाचा म्हणायचा’ हे तुम्ही विचारलंत, ते माझ्याही डोक्यात बरीच वर्षं आहे.

मी व्हर्जिनियात राहते, आर्लिंग्टनची लष्करी दफनभूमी घरापासून जवळ. तिथल्या सेक्शन ६० मध्ये इराक-अफगाणिस्तानात गेलेली पोरं आहेत. आपल्या चंदीगडचा उदय सिंगही तिथेच. १ डिसेंबर २००३ ला इराकमध्ये हब्बानियाला मारला गेला, वय २१. पांढऱ्या संगमरवरावर नाव, हुद्दा, तारखा. गाव कुठलं, ते लिहीत नाहीत. मे महिन्यात मेमोरियल डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या आधी सैनिक येऊन प्रत्येक दगडापुढे, बरोबर एका बुटाच्या अंतरावर, छोटा झेंडा रोवतात. झेंडा सगळ्यांना सारखाच. पहिल्यांदा गेले तेव्हा रुमालात तुळशीच्या मंजिऱ्या बांधून नेल्या होत्या. शीख पोराला मंजिऱ्या कशाला, असं मलाच वाटलं, पण रिकाम्या हाताने जाववेना.

दुसरा होसे अंतोनियो गुतिएरेस, ग्वाटेमालाचा. आईबाप लहानपणीच गेलेले, रस्त्यावर वाढलेला. मालगाड्यांवर चढत मेक्सिको ओलांडून कॅलिफोर्नियात पोचला, अल्पवयीन आहे असं सांगून राहिला, पुढे ग्रीन कार्ड मिळालं. मग मरीन्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या नौसैनिक दलात, भरती झाला. २१ मार्च २००३ ला, इराक युद्धाच्या अगदी सुरुवातीला, उम्म कस्रजवळ गेला, तोही आपल्याच बाजूच्या गोळीने. नागरिकत्व त्याला मिळालं, पण मेल्यावर. आणि पुरलं मात्र ग्वाटेमालात नेऊन. मेलेल्या सैनिकाला नागरिकत्व देणारा कायदा अमेरिकेत १९९० पासून आहे. कागद घरच्यांच्या हातात येतो, तारीख मरणाच्या दिवसाची. सन्मान असेलही, मला तो कागद नेहमी उशिरा आलेल्या मनीऑर्डरीसारखा वाटतो.

म्हणून भाच्याला एकच गोष्ट बजावून सांगा : नागरिकत्वाचा अर्ज लांबणीवर टाकू नकोस. एरवी ग्रीन कार्डवर सहसा पाच वर्षं थांबावं लागतं. पण ११ सप्टेंबर २००१ नंतरचा काळ सरकारने युद्धकाळ ठरवलेला असल्यामुळे फौजेतल्यांना ती अट नाही, अर्जाची फीही नाही. एन-४०० हा अर्ज, त्यासोबत एन-४२६, त्यावर नोकरी चोख असल्याची वरिष्ठांची सही. ट्रेनिंगमध्येच मागे लागायचं. विशीतली पोरं ‘करू सावकाश’ म्हणतात, तिथेच घोळ होतो.

भरतीच्या वेळी डीडी-९३ नावाचा फॉर्म भरून घेतात. काही झालं तर कुणाला कळवायचं, पैसे कुणाला द्यायचे, अंत्यविधी कुणी ठरवायचा, हे सगळं त्यावर असतं. तो त्याने घाईत भरू नये, आईला शेजारी बसवून भरावा. तिला रडू येईल, येऊ दे.

आणि एक, हे तिथला भरती अधिकारी सांगणार नाही कारण हा नियम आपल्या सरकारचा. अमेरिकन नागरिक झाला की भारताचं नागरिकत्व जातं, हे तुम्हाला ठाऊक असेल. बाकीच्यांना मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, मिळतं; परदेशी फौजेत असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला मिळत नाही. म्हणजे साताऱ्याला गणपतीत तुमच्या हातचे मोदक खायला यायचं तरी त्याला दर वेळी व्हिसा लागणार.

सही करण्याआधी सुभेदारसाहेबांना त्याच्याशी फोनवर बोलायला सांगा. तुम्ही आणि बहीण त्या वेळी खोलीत नसलात तर बरं, पोरगा मोकळेपणी विचारेल.