क्वांटम चावी आली, आता आर्मीचे मेसेज चोरीला जाणारच नाहीत का?

प्रश्न : माझा पुतण्या आर्मीत सिग्नल्सला आहे. पेपरात वाचलं की दिल्लीत क्वांटमचा प्रयोग झाला आणि आता सैन्याचे मेसेज कोणालाच चोरता येणार नाहीत. पुतण्याला विचारलं तर तो ह्यावर काही बोलत नाही. हे खरं आहे का? सोपं करून सांगा. – एक वाचक, सातारा

उत्तर : काका, पुतण्या बोलत नाही ते योग्यच करतोय. प्रयोग झालाय हे खरं, पण "कोणालाच चोरता येणार नाहीत" एवढं जरा बाजूला ठेवा. क्वांटमने मेसेज जातच नाही हो, तो नेहमीसारखा कोड करूनच, म्हणजे कुलूप लावूनच जातो, क्वांटमने जाते ती फक्त त्या कुलपाची चावी. प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, त्यावर ० किंवा १ (ह्यालाच बिट म्हणतात) बसवून पाठवतात आणि मधे कोणी तो मोजायला गेलं की मोजण्यानेच तो बिघडतो, कॉपी काढू म्हटलं तर निसर्गाचा नियमच आडवा येतो. मग दोन्हीकडचे लोक थोडे आकडे ताडून बघतात, चुका मर्यादेबाहेर गेल्या तर ती चावी टाकून द्यायची. बेनेट आणि ब्रासार्ड ह्या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये सुचवलेली ही पद्धत. चोर येऊन गेला हे चावी वापरायच्या आधीच कळतं, मला तर ह्यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

तुम्ही वाचलेला प्रयोग बहुतेक जून २०२५ चा, डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीचा, कॅम्पसमध्ये उघड्या हवेतून १ किलोमीटरहून जास्त, सेकंदाला चावीचे साधारण २४० बिट. कमी वाटतं ना? पण चावीच २५६ बिटची असते, म्हणजे जवळजवळ दर सेकंदाला नवीन चावी! त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये ह्याच दोघांनी प्रयागराज ते विंध्याचल १०० किलोमीटरहून जास्त अंतर पार केलं होतं, ते पण आधीच टाकलेल्या फायबरवरून, आणि माझ्या मते हे जास्त महत्त्वाचं कारण सगळीकडे नवीन केबल कोण खणत बसणार.

आता अडचण. चांगल्या फायबरमध्येसुद्धा १०० किलोमीटरनंतर १०० फोटॉनमधला १ च पोचतो, आणि सिग्नल वाढवणारा नेहमीचा अँप्लिफायर लावून चालत नाही कारण तो पण एक प्रकारे कॉपीच काढतो. म्हणून चीनच्या बीजिंग-शांघाय ह्या २००० किलोमीटरच्या लाइनवर दोन्ही टोकं धरून ३२ स्टेशनं आहेत, मधल्या स्टेशनात चावी उघडी होते आणि पुढे नव्याने कुलूपबंद होते, म्हणजे तिथली खोली आणि तिथला माणूस भरवशाचाच पाहिजे. शिवाय पलीकडे आपलाच माणूस बसलाय ह्याची खात्री क्वांटम देत नाही, ती वेगळी करावी लागते. अमेरिकेची गुप्तचर संस्था एनएसए ह्याच कारणांनी आपल्या संरक्षण नेटवर्कसाठी क्वांटम चावीची शिफारस करत नाही, ते क्वांटम कॉम्प्युटरलाही न उघडणाऱ्या नव्या गणिती कुलपांवर भर देतात.

मला वाटतं आपल्याला दोन्ही लागणार. मुख्यालय ते मुख्यालय अशा ठरलेल्या लाइनीला क्वांटम चावी, आणि गस्तीवरच्या जवानाच्या पाठीवरच्या रेडिओ सेटला गणिती कुलूप.