स्वभाव मोजायचा की जोखायचा?

प्रश्न परळच्या एका ऑफिसातून आला आहे. भरतीच्या वेळी उमेदवारांना द्यायची 'पर्सनॅलिटी टेस्ट' मराठीत आणण्याचं काम एका ताईंवर पडलंय. मसुद्यात वाक्य आहे : 'या चाचणीने उमेदवाराचे गुण अचूक मोजले जातात.' साहेबांना ते पसंत आहे, ताईंच्या कानाला खटकतंय. 'ट्रेट'ला (म्हणजे माणसाच्या स्वभावातल्या टिकाऊ लकबीला) 'गुण' चालेल का, आणि 'मोजणे' चूक आहे का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, खटकलं ते बरोबरच खटकलं. आधी 'गुण' बघू. मराठीत गुण परीक्षेत मिळतात, औषधाने येतात, पोरं उधळतात, आणि पवळ्याला तर शेजारी बांधलेल्या ढवळ्याचे लागतात. तुमच्या अहवालात 'चिकाटी या गुणाला ५० पैकी ३८ गुण' असं छापून येणार, मग हसू आवरा. शिवाय नुसतं 'गुण' म्हटलं की काहीतरी चांगलंच वाटतं, नाहीतर 'गुणदोष' अशी जोडी कशाला लागली असती? काळजीखोरपणा हाही ट्रेटच. पाठ्यपुस्तकांत 'गुणविशेष' असतो, पण उमेदवाराला 'स्वभावविशेष' चटकन कळेल. (जाता जाता : 'व्यक्तिमत्त्व' या शब्दात दोन त आहेत, व्यक्तिमत् अधिक त्व. तुमच्या मसुद्यात सगळीकडे एकच आहे.)

ट्रेट म्हणजे काय ते मराठीला नवं नाही. 'तो भांडतोय' हे आत्ताचं, 'तो भांडखोर आहे' हे कायमचं. फारसीतला 'खोर' म्हणजे खाणारा. भांडण हेच ज्याचं जेवण, तो भांडखोर. तसंच विसरला आणि विसराळू, लाजला आणि लाजाळू, रागावला आणि रागीट. एक प्रत्यय लागला की प्रसंगाचा स्वभाव होतो. अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली एका जाडजूड इंग्रजी कोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचले, तेव्हा नेमकी हीच विभागणी केली : टिकाऊ स्वभावाचे सुमारे ४,५०० शब्द एका रकान्यात, तात्पुरत्या मनःस्थितीचे दुसऱ्यात. आजच्या चाचण्यांत जे 'बिग फाइव्ह', म्हणजे स्वभावाचे पाच मोठे पैलू, असतात, त्यांचं मूळ या यादीपर्यंत जातं. एवढं मोठं शास्त्र शब्दकोश चाळण्यातून निघालं, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. 'माणूसघाणा' आणि 'खवचट' त्या पाचांपैकी कुठे बसवायचे, यावर एकदा निवांत बोलू.

आता 'मोजणे'. पैसे मोजतात, दिवस मोजतात, सिटी सर्व्हेवाले जमीन मोजतात. दोघांनी मोजून आकडा वेगळा आला तर एकाचं नक्की चुकलं, असं हे क्रियापद गृहीत धरतं. स्वभावाचं तसं नाही. चांगली प्रश्नावली काही आठवड्यांनी त्याच माणसाला परत दिली तर निकाल बऱ्यापैकी जुळतो. याला परिभाषेत 'विश्वसनीयता' म्हणतात. पण आकडा दोनदा सारखा आला म्हणून तो खरा ठरत नाही, त्यासाठी 'सप्रमाणता' लागते : जे मोजतो म्हणता तेच मोजलं जातंय का? त्यात उत्तरं देणार उमेदवार स्वतः, तेही नोकरीवर डोळा ठेवून. 'मी कामावर वेळेवर येतो' यापुढे 'कधीच नाही' अशी खूण करणारा मला अजून भेटायचाय.

भाकिताची कथा आणखी मजेशीर. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की चाचणीतला आकडा आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळतात ते सांगणारा आकडा, अजिबात न जुळल्यास ०, पुरत्या जुळल्यास १) सहसा ०.३ च्या पुढे जात नाही. त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ९ टक्के हिशोब लागतो. मानसशास्त्रात यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. मला यावरून २६ जुलै २००५ आठवतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास. शहर एक, दिवस एक, दोन्ही पर्जन्यमापकं बरोबर! कुलाब्याच्या आकड्यावरून कुर्ल्याचं काय सांगणार? तरी 'मुंबईत जुलैत धो धो पडतो' हे विधान खोटं ठरत नाही, कारण ते एका दुपारबद्दल नाहीच. सीमोर एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये वागण्याबद्दल हेच दाखवलं : एका प्रसंगाऐवजी पुष्कळ दिवसांची सरासरी घेतली की स्वभावातलं सातत्य चांगलं ठळक होतं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पाण्यात एकाच आचेवर शिजलेली असतात. माणूस घरी, साहेबापुढे आणि ८.१२ च्या फास्ट लोकलमध्ये वेगवेगळ्या आचेवर असतो.

म्हणून मी 'जोखणे' घेईन. मुळात अर्थ वजन करण्याचाच, पण आता त्यात अंदाज मुरलाय. शिवाजी पार्कात बॅट्समन पहिली दोन षटकं बोलरला जोखतो. तरी तिसऱ्यात दांडी उडू शकते, आणि त्यात शब्दाचा काही दोष नाही. 'पारखणे' मात्र नको. ते 'परीक्षा'वरूनच आलंय, पण पारखायला पारखी लागतो, आणि तो मुलाखतीच्या खोलीत बसलेला असतो. प्रश्नावलीला डोळे नसतात.

तर वाक्य असं करा : 'या प्रश्नावलीवरून उमेदवाराचे स्वभावविशेष जोखता येतात.' 'अचूक' काढून टाका, साहेब कितीही हटून बसले तरी.

आणि पान तीनवर 'बिग फाइव्ह'पैकी 'कॉन्शिएन्शसनेस'ला 'सदसद्विवेकबुद्धी' केलंय, तेही बदला. ती 'कॉन्शन्स'. इथे प्रश्न आहेत टेबल आवरण्याचे, मुदत पाळण्याचे, हातातलं काम तडीस नेण्याचे. नोकरीतल्या कामाशी सगळ्यांत सातत्याने जुळणारा स्वभावविशेष हाच, तेव्हा तोच चुकायला नको. 'काटेकोरपणा' लिहा.