गावाजवळ फ्लुइडाइज्ड बेडचा वीजप्रकल्प येतोय, कंपनी म्हणते प्रदूषण होत नाही. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. तुम्ही वणीकडचे आहात आणि जनसुनावणी पुढच्या महिन्यात आहे असं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी चौदा वर्षं अशाच एका छोट्या बॉयलरवर काढली.

फुटाण्याची भट्टी पाहिली असेलच. कढईत तापलेली वाळू, तिच्यात मूठभर हरभरा. या बॉयलरचंही तेच, फक्त झाऱ्याच्या जागी खालच्या नोझलांतून पंख्याची हवा. हवेनं वेग धरला की वाळूचा थर वरणासारखा रटरटू लागतो. त्यात एका वेळी कोळसा शंभरात पाच भागही नसतो, बाकी तापलेली वाळू नि राख. म्हणूनच निव्वळ दगड वाटणारा कोळसाही त्यात जळतो.

थराचं तापमान ८५० अंशांच्या आसपास ठेवतात. कोळशाची पिठासारखी भुकटी जाळणाऱ्या मोठ्या बॉयलरात ते १३०० च्या पुढे जातं, आणि तिथं हवेतल्या नायट्रोजनचेही विषारी ऑक्साइड होतात. इथं ते फार कमी. शिवाय थरात चुनखडी टाकली तर ती गंधकाचा धूर धरते आणि जिप्समसारखा पदार्थ होऊन राखेत उतरते. ८५० अंश या कामालाही सोयीचे. इथवर कंपनीचं बोलणं खरं.

पण गोम अशी, की आपल्याकडच्या कोळशात गंधक मुळात कमी, बहुतेक एक टक्क्याच्या आत. त्रास आहे राखेचा. शंभर टन कोळसा जाळला तर चाळीस टनांपर्यंत राख निघते, आणि ती कोणत्याही बॉयलरात निघणारच. उलट चुनखडी टाकली तर राख वाढते, आणि मोकळा चुना नि सल्फेट मिसळल्यामुळं सिमेंटवाले ती घ्यायला कुरकुरतात. कार्बन डायऑक्साइडही कमी होत नाही. मग हा बॉयलर कशाला? वॉशरीचा, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यातला, टाकाऊ कोळसा स्वस्तात जाळता येतो म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण त्याला पर्यावरणप्रेम म्हणू नये.

पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि कुटारही (पिकांचा भुसा) जाळू, शेतकऱ्याला पैसे मिळतील, असंही ते सांगतील. जळतं, थोडंथोडं मिसळलं तर. आमच्याकडं एका हंगामात पऱ्हाटी जास्त ढकलली. तिच्या राखेत पोटॅश भरपूर, त्यानं वाळू वितळून चिकटली, बेड म्हणजे तो वाळूचा थर बसला. दोन दिवस थंड व्हायची वाट पाहिली आणि मग पहारी घेऊन आत उतरलो. क्लिंकर, म्हणजे वितळून दगड झालेली राख-वाळू, काय असतं ते त्या दिवशी खांद्यांना कळलं.

तेव्हा सुनावणीत धुराबद्दल कमी आणि राखेबद्दल जास्त विचारा. राख कोरडी नेणार की पाण्यात कालवून तळ्यात सोडणार? तळं कुणाच्या शेताला लागून? पावसाळ्यात बांध फुटला तर पाणी कोणत्या नाल्यात जाईल? धूळ पकडायला बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) की ईएसपी (विजेच्या भारानं धूळ ओढणारं यंत्र), आणि ते बंद पडलं तर बॉयलर थांबवणार का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

चुनखडीचंही विचारा, पण कागदावर विश्वास ठेवू नका. आमच्या प्लांटला चुनखडीचं वेगळं हॉपर, म्हणजे साठवायची टाकी, होतं. चौदा वर्षांत ते भरलेलं मी दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा तपासणीला साहेब येणार होते.