आधी नुसती शाई, पेशी नंतर

फोंड्याहून रोज ताळगावच्या पठारावर बायोप्रिंटिंग (जिवंत पेशी मिसळलेलं जेल थराथराने छापून ऊतक घडवणं) शिकायला येतेस, तर पहिले पंधरा दिवस पेशींना हातच लावू नकोस. नुसती शाई, म्हणजे छापायचं जेल, कर. नॅनोक्लेची (अतिसूक्ष्म कणांच्या मातीची) पूड आधी शुद्ध पाण्यात फुलव, अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा, जेल होणारा पदार्थ) मग. मीठ असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) थेट टाकलीस की गुठळ्या झाल्याच म्हणून समज. माझ्या प्रिंटरची सुई अशीच तुंबली. मी दाब वाढवला आणि ओढाताणीत पेशी मेल्या. अजून रुखरुख लागते. चांगली शाई दाबाखाली पातळ होते, बाहेर पडताच सोऱ्यातल्या शेवेसारखी आकार धरून राहते. हाडासाठी नॅनो-हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडातल्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण) घे, पण थोडंथोडंच. आणि आपला पावसाळा! नॅनोक्लेची पूड हवेतलं पाणी पिते, वजन खोटं येतं. डबी सिलिका जेलसोबत घट्ट बंद ठेव.